मीठ कोणाच्या घरचे?



आपल्या युवकांपैकी काहींच्या मनात सध्या एक बेत घोळतो आहे. पोप फ्रान्सिस यांनी ६ ऑगस्ट २०२३ रोजी लिस्बन येथे जाहीर केले की पुढचा जागतिक युवा दिन २०२७ साली दक्षिण कोरियातील सोल शहरात होईल. १९९७ च्या पॅरिसच्या मेळाव्यापासून अशी प्रथा पडली आहे की, बाहेरून आलेल्या तरुणांनी मुख्य मेळाव्याआधी काही दिवस यजमान देशाच्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांत जाऊन तिथल्या लोकांच्या घरी राहावे. आपल्या मुलांचे म्हणणे याच्या पुढे जाणारे आहे. नुसते राहून काय करायचे? त्याला जोडून पंधरा दिवस परदेशात कुठेतरी, तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर हॉस्टेलमध्ये राहून, काही सेवा करावी. एखादी शाळा रंगवावी, लहान मुलांना शिकवावे, काहीतरी बांधून द्यावे.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात या बेतावर बरेच बोलणे होते, ते आमच्या कानांवर येते. कोणी म्हणतो, विमानाच्या तिकिटांच्या पैशात इथल्या किती मुलांची वर्षाची फी भरली जाईल त्याचा हिशेब करा. कोणी म्हणतो, काशीच्या पाड्यांवर जायला यांना एक रविवार मिळत नाही आणि सेवेसाठी समुद्रापार निघाले. एका आजींचे म्हणणे निराळेच होते. त्या म्हणाल्या, "जाऊ दे की पोरांना, जग बघू दे. त्याला सेवेचं नाव कशाला?"

पैशाचा मुद्दा खरा आहे, पण तो लवकर संपतो. गरज पैशाचीच असेल तर पैसे बँकेतूनही पाठवता येतात, त्यासाठी कोणी जायला नको. शिवाय लग्नाचा हॉल, बँड आणि केक यांवर होणाऱ्या खर्चाचा असा हिशेब चर्चच्या आवारात कधी मांडला जात नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. पाड्यांचा मुद्दा मोठा आहे, त्याकडे पुढे येऊ. आम्हांला सर्वांत अडवून धरले ते आजींच्या प्रश्नाने. सेवेचे नाव कशाला? दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या गावात जाऊन तिथल्या माणसाचे भले करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपण चांगले आहोत म्हणून? आपल्याकडे सुट्टी आणि पासपोर्ट आहे म्हणून?

हा प्रश्न पूर्वी फार कडक शब्दांत विचारला गेला आहे, आणि तोही चर्चच्या आतून. एप्रिल १९६८ मध्ये इव्हान इलिच यांनी अशाच तरुणांपुढे एक भाषण केले. इलिच त्या वेळी कॅथलिक धर्मगुरू होते. जन्म व्हिएन्नाचा, काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये पोर्तोरिकोहून आलेल्या गरिबांच्या धर्मग्रामात काम केलेले, आणि पुढे मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे एक केंद्र चालवणारे. समोर बसले होते ते उत्तर अमेरिकेतील कॅथलिक विद्यार्थी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जाण्याचा त्यांचा कार्यक्रम असे. इलिच यांच्या बोलण्याचा आशय थोडक्यात असा: तुमचे हेतू चांगले आहेत, पण त्या हेतूंनी इथे काही साधत नाही. तुम्हांला इथली भाषा येत नाही, म्हणून तुम्ही बोलणार ते तुमच्यासारख्याच शिकल्यासवरलेल्यांशी. खेड्यातल्या माणसाला तुमच्याबद्दल काय वाटते ते तुमच्या कधी ध्यानातच येणार नाही. मेक्सिको बघायला या, डोंगर चढा, फुले बघा, शिकायला या. मदत करायला मात्र येऊ नका. आणि गरिबांमध्ये काम करायचेच असेल तर ते आपल्या देशात करा. तिथला गरीब निदान तुम्हांला समजेल अशा भाषेत 'चालते व्हा' असे म्हणू शकेल.

हे ऐकून त्या मुलांना काय वाटले असेल त्याची कल्पना करता येते. पण आपल्याला इलिच यांचा राग समजायला जड जाऊ नये, कारण आपण स्वतःही 'भेट दिली जाणारी' माणसे आहोत. उत्तन, पाली, चौक या बाजूला सुट्टीच्या दिवशी बाहेरून माणसे येतात. वलांडीवर बोंबील वाळत असतात. कोणी नाकाला रुमाल लावतो, कोणी फोटो काढतो, कोणी बोंबील उलटणाऱ्या बाईला सांगू लागतो की हे असे न करता तसे केले तर चार पैसे जास्त मिळतील. ती बाई हसते आणि आपले काम चालू ठेवते. त्या माणसाला वाटते, तिला पटले. ते हसू म्हणजे काय, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांकडे पाहून कोणी तसे हसले तर ती मुले ते ओळखतील का?

तरीही इलिच यांचे सगळे जसेच्या तसे घ्यायला आमचे मन तयार होत नाही. याला कारण आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण आहे.

१९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पडीक जमिनीवर राहायला गेले. बरोबर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. हे आनंदवन. दगडधोंड्यांतून शेती उभी राहिली, भाजीपाला पिकू लागला. पण कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारात घेणार कोण? आजाराची भीती होती, आणि त्याहून मोठी किळस होती. पुढे त्याच दशकाच्या मध्यावर सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेमार्फत अनेक देशांतले तरुण-तरुणी तिथे आले. ते कुष्ठरुग्णांच्या वस्तीतच राहिले. त्यांच्याबरोबर माती वाहिली, भिंती रचल्या, दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. या गोऱ्या पोरांचे नवल बघायला वरोऱ्याची माणसे येऊ लागली. येऊन पाहतात तर ही मुले कुष्ठरुग्णांबरोबर बसून, त्यांनीच पिकवलेले अन्न खात आहेत! हळूहळू भीती ओसरत गेली.

आता विचार करा, त्या मुलांनी खरी कोणती गोष्ट दिली? भिंती विदर्भातल्या गवंड्यांनाही बांधता आल्या असत्या, आणि कदाचित जास्त सरळ बांधता आल्या असत्या. पण वरोऱ्याच्या डोळ्यांदेखत आनंदवनातल्या ताटात जेवणे हे काम गवंडी मजुरी घेऊन करत नाही. आणि त्या जेवणात देणारे होते कुष्ठरुग्ण. घेणारी होती परदेशी मुले. ज्याच्या हातचे कोणी काही घेत नव्हते, त्याच्या हातचे यांनी घेतले. आम्हांला वाटते, या गोष्टीचे मर्म इथे आहे.

या संस्थेचा पूर्वेतिहासही बघण्यासारखा आहे. पिएर सेरेसोल हे तिचे संस्थापक. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर, वडील त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, त्यांनी फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात पहिले शिबिर भरवले. गाव पुन्हा बांधायला जमलेल्यांत जर्मन तरुणही होते, म्हणजे कालचे शत्रू. काम नेटाने चालू होते, पण विरोध झाला आणि काही महिन्यांत त्यांना ते सोडून निघावे लागले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेसोल थोड्या साथीदारांना घेऊन तिथे आले आणि पुढची काही वर्षे गावे पुन्हा वसवण्याच्या कामात राहिले. व्हर्दूनचा तो पहिला अनुभव आम्हांला फार मोलाचा वाटतो. यजमान 'नको' म्हणाला तर सामान आवरून निघता आले पाहिजे. ज्या मदतीला समोरच्याला नकार देता येत नाही, तिला मदत हे नाव देताना थांबायला हवे.

सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटल शिकवला गेला. मैत्रीवर त्याने नीतिशास्त्रात दोन पुस्तके खर्ची घातली आहेत, तितकी न्यायावरही नाहीत. तो म्हणतो, मैत्रीला वेळ लागतो, आणि याला दाखला म्हणून त्याच्या काळची एक म्हण देतो. तिचा भावार्थ असा की, दोन माणसांनी बरोबर बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय त्यांची एकमेकांशी ओळख होत नाही. जेवणात मीठ चिमूटभर लागते. तेव्हा पुरेसे मीठ पोटात जायला किती जेवणे व्हावी लागतील ते बघा! भाईंदरच्या मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ही उपमा कळायला वेळ लागू नये. आपली मराठी तर आणखी एक पाऊल पुढे जाते. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावे लागते. म्हणजे मीठ खाल्ले की ओळख होते, आणि वर ऋणही चढते. ज्याच्या घरचे मीठ पोटात गेले त्याच्याशी पुढे मनाला येईल तसे वागता येत नाही.

तोच ॲरिस्टॉटल पुढच्या पुस्तकात एक अवघड निरीक्षण नोंदवतो. उपकार करणारा माणूस उपकार घेणाऱ्यावर जास्त प्रेम करतो, उलट दिशेने मात्र ते प्रेम तितके वाहत नाही. असे का? त्याचे उत्तर असे की, कारागिराला जसा आपल्या हातची वस्तू प्रिय असते, तसा उपकारकर्त्याला आपण ज्याचे भले केले तो माणूस प्रिय वाटतो. तो त्याची कृती होऊन बसतो. हे वाचताना अंगावर काटा येतो. शाळा रंगवून आल्यावर 'आमची शाळा', 'आमची मुले' असे आपण किती सहज म्हणतो! जी मुले वर्षभर आपल्या आईवडिलांची आणि मास्तरांची होती, ती पंधरा दिवसांत आमची कशी झाली?

संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा हाच मैत्रीचा विचार घेतला आणि ख्रिस्ती प्रीतीची व्याख्या त्यावर उभी केली. प्रीती म्हणजे देवाशी मैत्री, आणि देवाच्या मित्रांशी, म्हणजे सगळ्या माणसांशीही मैत्री. त्यांनी दया हा शब्द पायाशी ठेवला नाही. दया वरून खाली करता येते. मैत्रीत दोघांना एका बाकावर बसावे लागते, आणि दोघांना एकमेकांचे काही लागावे लागते.

संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय घरी काढून बघा. त्यात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना जोडीजोडीने गावोगावी पाठवतो. आपण आपल्या मुलांना पाठवताना सूटकेस भरून देतो, औषधांची पिशवी, खाऊ, वाटायला पेनं आणि वह्या. प्रभू उलटे करतो. पैशाची थैली नको, झोळी नको, पायांत वहाणाही नकोत. म्हणजे संध्याकाळ झाली की दुसऱ्याच्या दारात उभे राहिल्याशिवाय गत्यंतर नाही! मग सांगतो, ज्या घरात घेतील तिथेच राहा, चांगले जेवण मिळते म्हणून घर बदलू नका. पुढे वाढतील ते खा. आणि त्यानंतर, हे वाढलेले खाण्याचे सांगून झाल्यावर, आजाऱ्यांना बरे करा असे सांगतो. हा क्रम आम्हांला फार बोलका वाटतो. आधी त्यांच्या ताटातले खायचे, मग त्यांच्या आजाऱ्याला हात लावायचा. गाव घेत नसेल तर पायांची धूळ झटकून पुढे जायचे. 'नको' म्हणण्याचा गावाचा हक्क प्रभूने सुरुवातीलाच मान्य केला आहे.

कोणी विचारील, याच अध्यायात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे, त्याने कुठे आधी मीठ खाल्ले? बरोबर आहे. रस्त्यात रक्तबंबाळ पडलेल्या माणसाला ओळखपाळख लागत नाही. भूकंप झाला, पूर आला, तर ज्याला पोहता येते त्याने उडी मारावी. पण शोमरोनी पुढे काय करतो तेही बघा. जखमी माणसाला खाणावळीत नेतो, तिथल्या मालकाच्या हाती सोपवतो, खर्चाचे पैसे देतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. पुढची शुश्रूषा जिथली तिथे. तो तिथे मुक्काम ठोकून खाणावळ कशी चालवावी ते शिकवत बसत नाही. आपल्या मुलांचा बेत भूकंपाचा नाही, सुट्टीचा आहे. म्हणून त्यांना शोमरोन्याचा नियम लागू नाही, बहात्तरांचा लागू आहे.

आपल्या भाषेला लाभलेला सर्वांत मोठा परदेशी पाहुणा आठवा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला आणि जवळजवळ चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, इकडेच राहिला. साष्टीच्या लोकांत राहून तो त्यांची बोली शिकला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. ते ओवीत आहे. ओवी त्याने घरून आणली नव्हती. ज्यांना शिकवायला आला त्यांच्याकडूनच त्याने ती घेतली, आणि घेतलेल्या त्या वस्तूतूनच त्याला द्यायचे ते देता आले. चाळीस वर्षे आणि पंधरा दिवस यांची तुलना होत नाही हे आम्हांला कळते. पण पंधरा दिवसांत निदान कोणत्या दिशेने तोंड करून बसायचे, घेणाऱ्याच्या की देणाऱ्याच्या, ते ठरवता येते.

आणि म्हणूनच मुलांच्या बेतातला एक भाग, ज्याकडे त्यांचे स्वतःचे फारसे लक्ष नाही, तो आम्हांला सर्वांत चांगला वाटतो. तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर राहणे. शाळा रंगवणे हा त्यांचा मुख्य कार्यक्रम आहे आणि हॉस्टेल ही झोपायची सोय. आमच्या मते हे उलटे हवे.

का, ते सांगतो. विद्यार्थी हा कोणाच्या दयेवर बसलेला नसतो. त्याचा पेपर असतो, असाइनमेंट असते, त्याला तुमच्यासाठी वेळ नसतो, आणि तो तसे तोंडावर सांगतो. त्याच्याशी एका खोलीत राहायचे म्हणजे कपाटातला एक कप्पा त्याने रिकामा करून द्यायचा आणि आपण तो घ्यायचा. बाथरूमचा नंबर लावायचा. मेसमधला पदार्थ ओळखीचा नसतो, त्याचा वास चमत्कारिक वाटतो (सुक्या बोंबलाच्या वासाला बाहेरचे लोक काय म्हणतात ते आठवावे), तरी तो संपवायचा. त्याच्या भाषेतले दहा शब्द बोलायला जायचे, आणि तो पोट धरून हसला की आपणही हसायचे. रात्री उशिरा गप्पा निघतील तेव्हा तो तुमच्या देशाबद्दल, जातींबद्दल, कचऱ्याबद्दल, मुलींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल प्रश्न विचारील, आणि तिथे 'आम्ही सेवा करायला आलो आहोत' हे उत्तर उपयोगाचे नाही. आठ वर्षांचे मूल तुमच्याकडून चॉकलेट घेते आणि हसते. वीस वर्षांचा विद्यार्थी तुमचे म्हणणे खोडून काढतो. तुमच्या सद्गुणांचा आरसा व्हायला तो तयार नसतो. इलिच यांना हवी असलेली गोष्ट, समजेल अशा भाषेत 'चालते व्हा' म्हणणारा माणूस, ती इथे आयती मिळते.

आता पाड्यांकडे वळतो, कारण ज्यांनी तो मुद्दा काढला त्यांना टाळणे बरे नाही. काशी-घोडबंदरच्या पट्ट्यात, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने, आदिवासी पाडे आहेत. आपल्यातले काहीजण तिथे नाताळच्या सुमारास ब्लँकेटे आणि फराळ घेऊन जातात. इलिच यांचा सल्ला पाळायचा तर आपले सेवेचे ठिकाण तेच. भाषा एक, अंतर रिक्षाचे. पण इथे आम्ही इलिच यांच्याशी थोडे भांडतो. भाषा एक असली म्हणजे 'नको' म्हणता येतेच असे नाही. ब्लँकेट घेऊन दारात उभ्या राहिलेल्या फ्लॅटवाल्यांना वारली बाई मराठीत 'नको' म्हणू शकते, शब्द तिला येतो. पण उद्या तिला यांच्याच सोसायटीत धुण्याभांड्यांचे काम हवे असेल, मुलाला शाळेत प्रवेश हवा असेल. ती ब्लँकेट घेते, फोटोसाठी उभी राहते. आपण तिच्या घरी कधी जेवलो आहोत का? तिने विचारले होते का? विचारले असेल तर आपण 'नको, उशीर होतो आहे' असे म्हणून निघालो का?

सोलच्या किंवा आणखी कुठल्या हॉस्टेलातला मुलगा आपल्या मुलांना जितक्या सहज 'नको' म्हणेल, तितके काशीच्या पाड्यावरची बाई म्हणू शकणार नाही. म्हणून केवळ जवळचे ते बरे आणि लांबचे ते वाईट, हा हिशेब आम्हांला पुरा वाटत नाही. मीरा-भाईंदरमध्ये आपल्या मुलांना रस्ते ठाऊक, नगरसेवक ठाऊक, दुकानदार ठाऊक. इथे ती कधी अडत नाहीत. आयुष्यात एकदा तरी अशा जागी जाऊन राहावे, जिथे पाण्याचा नळ कुठे आहे हेसुद्धा दुसऱ्याला विचारावे लागते. दुसऱ्याच्या मेहरबानीने दिवस काढणे म्हणजे काय, ते पोटात उतरल्यावर पाड्यावर जाण्याची रीतही बदलेल अशी आम्हांला आशा आहे. खात्री देत नाही. कोरियाचे फोटो दाखवून पाड्यावर पुन्हा ब्लँकेटेच वाटणारेही निघतील.

एका गोष्टीला मात्र आमची संमती नाही, आणि ते पालकांनी ऐकून ठेवावे. सहलींच्या पत्रकांत अनाथाश्रमातल्या मुलांबरोबर दोन आठवडे घालवण्याचा कार्यक्रम असतो. कंबोडियात आणि नेपाळमध्ये अशा अनेक बालगृहांची पाहणी झाली तेव्हा आढळले की तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुले 'अनाथ' ठेवली जातात. आणि जी खरोखर अनाथ आहेत त्यांनी दर पंधरवड्याला नव्या ताईदादांना जीव लावायचा आणि पंधराव्या दिवशी रडायचे, हे आपल्या मुलांच्या अनुभवासाठी का करावे? तिथे जाऊ नका.

बाकी जायला आमची ना नाही. मात्र जाताना पेनं-वह्या नेऊ नका. भाषेचे शंभर शब्द शिकून जा. तिथे एखादे काम चालू असेल आणि यजमान विद्यार्थी त्यात असतील, तर ते सांगतील ते, त्यांच्या हाताखाली करा. काम नसेल तर भांडी घासा. परत आल्यावर हॉलमध्ये स्लाइड दाखवाल तेव्हा आपण काय दिले हे न सांगता कोणाकडे काय खाल्ले ते सांगा.

आनंदवनाचा एक तुकडा सांगायचा राहिला. १९६० च्या दशकात तिथल्या कुष्ठरुग्णांनी स्वतःच्या हातांनी एक कॉलेज उभारले, आनंदनिकेतन. ते त्यांनी स्वतःसाठी बांधले नव्हते. वरोऱ्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या निरोगी मुलामुलींसाठी बांधले होते. ज्यांची भाजी गाव घेत नव्हते, त्यांनी बांधलेल्या वर्गांत गावची मुले पदवीपर्यंत शिकली. त्या परदेशी तरुणांनी दिलेल्या विटांतून हे कॉलेज निघाले असे आम्ही म्हणणार नाही. पण आपल्या हातचे कोणी घेतो हे एकदा कळल्यावर ते हात किती देऊ शकतात, ते वरोऱ्याने पाहिले.

आता आपल्या गावचे. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. या वाढीत बाहेरून पोटापाण्यासाठी, शिक्षणासाठी आलेले किती तरी आहेत. त्यांतले काही दर रविवारी आपल्याच चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसतात. झारखंडहून आलेल्या मुली, केरळच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी, ईशान्येकडून आलेली कॉलेजची मुले. चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोल्यांत ती राहतात. शेवटचे गीत संपायच्या आत निघून जातात, कारण थांबून बोलायला कोणी नसते. रविवारी दुपारी ती कुठे जेवतात?

युवक संघाने परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांची यादी आमच्याकडे दिली आहे. आम्ही त्यांच्याकडे आणखी एक यादी मागितली आहे: ज्या घरांत महिन्यातून एका रविवारी दोन जास्तीची ताटे मांडता येतील, आणि जेवण झाल्यावर पाहुण्यांना भांडी घासू दिली जातील, अशा घरांची. त्यासाठी वही धर्मग्राम कार्यालयात ठेवली आहे, दुसऱ्या मिस्सानंतर बारा वाजेपर्यंत ती तिथे मिळेल. पहिल्या पानावर तीन नावे आली आहेत. त्यांतले एक त्या आजींचे आहे.